शेवटचा चहा

काल रात्री दोनला माझा फोन थरथरत थरथरत टेबलावरून खाली पडला. 63 मेल. प्रत्येकाचा विषय 'नवीन एरर'. नवीन कसला डोंबलाचा, सगळे टाइमआउट!

आमच्या रेल्सच्या (वेब अ‍ॅप बनवायची चौकट) अ‍ॅपवर रॅक-टाइमआउट बसवलंय, 15 सेकंदांत रिक्वेस्ट, म्हणजे युजरची मागणी, उरकली नाही की ते चालू थ्रेडमध्ये एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकून ती मारतं, त्या क्षणी कोड ज्या ओळीवर असेल तिथेच. आणि एरर कळवणारं सॉफ्टवेअर बॅकट्रेस, म्हणजे कोड कुठल्या कुठल्या ओळींवरून तिथे पोचला तो माग, बघून गट पाडतं, ओळ वेगळी दिसली की त्याच्या लेखी एरर नवा, लगेच मेल.

हॉलमध्ये मिरजेची आत्या झोपलेली, ती उठून बसली.

"कोण गेलं रे?"

"कोणी नाही गं. रिक्वेस्ट गेल्या."

"आपल्यातल्या?"

"नाही गं, कंपनीतल्या. 15 सेकंदांच्या वर गेल्या की आम्हीच मारतो."

"तुम्हीच मारता? मग तुला कशाला कळवतात?"

"मेल्या म्हणून."

आत्याने उशी मांडीवर घेतली. "आणि दुखणं काय होतं?"

"ते नसतं मेलमध्ये. शेवटच्या क्षणी शेजारी कोण होतं तेवढंच असतं."

"म्हणजे आमच्या तात्यांसारखं," आत्या म्हणाली. "जन्मभर विड्या ओढल्या, पण शेवटचा चहा मी दिला ना, जाऊबाई अजून मलाच बोलतात. आणि साखरही त्यांनीच घातलेली!" मग साखर, जाऊबाई, जाऊबाईंचा भाऊ, असं सव्वातीनपर्यंत चाललं. मेल येतच होते.

सकाळी स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या ऑनलाइन मीटिंगला, मॅनेजरने स्क्रीन शेअर केली. यादीत सगळ्यात वर माझी ओळ, नाव आणि आडनाव जोडणारी. गिट ब्लेम मारलं, म्हणजे ओळ कोणी लिहिली ते काढलं, अर्थात मीच निघालो. "नाव-आडनाव जोडायला 15 सेकंद?" सगळे म्यूटवर हसले, दात दिसत होते.

अरे, डेटाबेसमधल्या ऑर्डर्सच्या टेबलावर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, नाही म्हणून एक क्वेरी 14 सेकंद खाते आणि साळसूदपणे निघून जाते, मग उरलेल्या एका सेकंदात जो सापडेल तो चोर! तो इंडेक्स मी तीन महिन्यांपूर्वी मागितलाय, लेखी. उत्तर, पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या पुढच्या फेरीत. चार स्प्रिंट झाले, आणि रात्री उठतो मी.

शेवटी डबा खाता खाता टाइमआउटचे गट ओळीवरून न पडता कंट्रोलर आणि अ‍ॅक्शनवरून, म्हणजे रिक्वेस्ट कशासाठी होती त्यावरून, पडतील असं फिंगरप्रिंट (गट ओळखायची खूण) लिहिलं, चार ओळींचं काम. 63 चा 1 झाला. संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज, "एरर कमी झाले, व्हेरी गुड! मग आता इंडेक्सची घाई नाही ना?"