खळ्यावरच्या शेडबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार बघून वाईट वाटलं, पण तुम्ही एकेक मुद्दा लिहिलाय आणि फोटोही टाकलेत, तेव्हा उत्तरही तसंच मुद्द्याला धरून देतो. गावाला घर बांधणारे मुंबईचे बरेच जण कोटेशन मागायच्या आधी इथले रिव्ह्यू वाचतात, त्यांच्यासाठी तुमची तक्रार थोडक्यात परत सांगतो. तुम्हाला खळ्यावर, म्हणजे घरापुढच्या अंगणावर, लाकडी पर्गोला (खांब आणि वर उघड्या तुळया) आणि त्यावर क्लिअर पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिकचा शीट) हवं होतं, आम्ही ते नको म्हटलं आणि लोखंडी फ्रेमवर रंगीत पत्रा घातला, दुसऱ्या फॅब्रिकेटरपेक्षा 40 हजार जास्त घेतले, पावसात आवाज येतो, आणि वर्षभरात पत्र्यावर गंजाचे ठिपके आले.

आधी ठिपक्यांचं बोलू, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुमचा फोटो मोठा करून नीट बघितला. ठिपके स्क्रूच्या भोवती नाहीत, पत्र्याच्या कापलेल्या कडेलाही नाहीत, एका कोपऱ्यात शिंतोडे उडाल्यासारखे पसरलेत आणि त्याच कोपऱ्यावर भिंतीला आता सीसीटीव्हीचा ब्रॅकेट दिसतोय, जो आम्ही शेड दिली तेव्हा नव्हता. ब्रॅकेट बसवताना लोखंड कापलं किंवा ड्रिल मारलं की गरम चुरा खाली उडतो, पत्र्याच्या रंगाला चिकटतो, आणि पहिला पाऊस पडला की तो चुरा गंजतो. म्हणजे फोटोवरून जे दिसतंय त्यात गंज चुऱ्याला आलाय, पत्र्याला नाही. कॅमेरावाल्या मुलाला मी दोष देत नाहीये, पत्र्यावरचा चुरा लगेच झाडून घ्यायचा असतो हे फार कमी जणांना माहीत असतं. पण तो तसाच राहिला तर रंगाखालचा थर खायला लागतो, म्हणून आमचा माणूस पाठवतो, मऊ ब्रशने साफ करून देईल, त्याचे पैसे नाहीत. तोपर्यंत तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने कोणाला घासू देऊ नका प्लीज. आणि साफ केल्यावर खालचा पत्राच गेलेला निघाला तर तो शीट मी बदलून देणार, हे इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

आता 40 हजारांचं. दुसरं कोटेशन तुम्ही मला व्हॉट्सअपला पाठवलं होतं, त्यात 18 गेजचा जीपी पाइप (जस्ताचा पातळ थर दिलेला लोखंडी पाइप) होता, म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर जाडी, साइटवर वेल्डिंग, वर रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट. देशावर कुठे पाऊस कमी, हवा कोरडी, तिथे असं काम चांगली वर्षं निघतं, ते काम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या ओटीवरून समुद्र दिसतो सर. जीपी पाइपवर जस्ताचा थर 120 जीएसएमचा (चौरस मीटरला 120 ग्रॅम) धरला तर तो दोन्ही बाजू मिळून, म्हणजे एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन, आणि वेल्डिंग केलं की जोडावर तेवढाही जळून जातो. नेमका जोडावरच भार असतो आणि पाणीही तिथेच मुरतं. आम्ही तुमची फ्रेम वर्कशॉपमध्ये कापून, भोकं पाडून, बेसप्लेट वेल्ड करून मग हॉट डिपला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवायला, पाठवली, त्यात जस्त 65 मायक्रॉनच्या पुढे बसतं, पाइपाच्या आतल्या बाजूलाही बसतं, आणि साइटवर फक्त नटबोल्टने जोडली, एकही वेल्डिंग नाही. जस्ताचं काम असं की ते स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, त्यामुळे थर जितका जाड तितकी वर्षं वाढतात. पैशाचा मोठा भाग तिथे गेला आणि तो खालून बघणाऱ्याला दिसत नाही, म्हणून राग येतो हे मला समजतं.

उरलेला पैसा जमिनीत गेला. शेड बाजूंनी उघडी असली की वारा आत शिरून छप्पर खालून उचलतो, वजनाने खाली दबण्यापेक्षा उपटून जाण्याची भीती जास्त. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन दिवेआगरकडून आत आलं तेव्हा दापोली मंडणगडची काय अवस्था झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. त्यानंतर मी उघड्या शेडचा पाया कमी करून कोणालाच देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. तुमच्या प्रत्येक खांबाखाली 2 बाय 2 आणि अडीच फूट खोल काँक्रीट आहे, साधारण साडेसहाशे किलोचं एकेक, आणि खांब जमिनीपासून चार इंच वर उचललाय म्हणजे खळ्यातलं पाणी त्याच्या पायाशी साचत नाही.

लाकडाचं. वहिनींनी दाखवलेला फोटो छानच होता, लाकूड मलाही आवडतं, आमच्या जुन्या घराचे वासे फणसाचे आणि ऐनाचे आहेत आणि आजही ठणठणीत आहेत. पण ते कौलाखाली आहेत, वळचण बाहेर काढलेली आहे, लाकडाला पाणी लागतच नाही. पर्गोल्याचं लाकूड चार महिने उघड्यावर भिजणार, खांब-तुळईच्या खाचेत पाणी बसणार, खालून वाळवी, आणि मग आठ महिने ऊन. चांगलं सागवान हे सहन करतं, पण दर वर्षी कोणीतरी तेल पाजायला हवं, आणि तुमचं घर गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद असतं. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं मटेरियल) लाकडासारखं दिसतं, पण त्याच्यावर छपराचा भार टाकायचा नसतो, लांब गाळ्यात ते उन्हाने झोल खातं. ते पडद्यासारखं, बाजूच्या पट्ट्यांना वगैरे वापरा, तिथे छान दिसेल, आणि त्याचं काम आमच्याकडूनच करून घ्या असंही नाही.

काही जणांना वाटेल मग कौलंच का नाही घातली. मला तर तेच सगळ्यात आवडलं असतं, आवाज नाही, गरम नाही. पण मंगलोरी कौलाला आपल्या पावसात 30 अंशाच्या आसपास उतार पाहिजे, तुमचं खळं 12 फूट, म्हणजे जवळजवळ 7 फूट खाली उतरायला लागणार, आणि घराची वळचणच साडेनऊ फुटांवर आहे, पुढच्या टोकाला अडीच फूट उरले असते. पत्र्याला सव्वा फूट उतारात भागलं, पुढे सव्वाआठ फूट उंची मिळाली.

क्लिअर पॉलिकार्बोनेटला मी नको म्हटलं ते मटेरियल खराब आहे म्हणून नाही. चांगल्या कंपनीचा यूव्ही थर (उन्हापासून वाचवणारा थर) असलेला शीट, थराची बाजू वर ठेवून लावला, भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवली (हे प्लास्टिक उन्हात मीटरला दोन-तीन मिलिमीटर सहज वाढतं, भोक घट्ट असलं की तिथूनच चीर जाते), तर उत्तम चालतो. पण पूर्ण क्लिअर छप्पर घातलं असतं तर एप्रिल-मे मध्ये दुपारी तुम्ही त्या खळ्यात बसू शकला नसतात, आणि तुम्ही येता तेच मे महिन्यात. शिवाय मल्टिवॉलच्या (आतून पोकळ नळ्या असलेल्या पॉलिकार्बोनेट शीटच्या) नळ्यांची तोंडं खाऱ्या दमट हवेत कितीही टेप लावा, कालांतराने आत शेवाळ धरतं आणि ते बाहेरून धुता येत नाही. म्हणून दरवाजासमोर एकच पट्टा दुधी पॉलिकार्बोनेटचा दिलाय, उजेड येतो, ऊन येत नाही. वानरं आहेत तुमच्याकडे हेही डोक्यात होतं, कौलावरून थेट शेडवरच उडी मारतात ती.

आवाजाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस पडतो तिथे उघड्या पत्र्याखाली आषाढात मोठ्याने बोलावं लागतं. कोटेशनमध्ये पफ पॅनेलचा (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पॅनेलचा) दुसरा पर्याय त्यासाठीच होता, त्याने आवाजही कमी आणि उष्णताही, पण खर्च वाढत होता म्हणून तुम्ही पत्रा घेतलात, तो निर्णय बजेटच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. आता वरचा पत्रा काढून पॅनेल टाकता येईल, फ्रेमचे गाळे त्या हिशोबानेच ठेवलेत, काढलेल्या पत्र्याचे पैसे वजा करून देईन. खालून पीव्हीसीचं सीलिंग मारायचं कोणी सुचवेल, ते मात्र करू नका, वर पोकळी राहते, खारं वारं आत साचतं, गांधीलमाश्या घर करतात आणि पत्रा खालून गंजला तरी दिसत नाही.

एक विचारलं होतंत, स्टेनलेसचे स्क्रू का नाही लावले. आपला पत्रा अल्युझिंकचा आहे, त्या थरात 55 टक्के अल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस त्याला चिकटून राहिला की स्क्रूला काही होत नाही, भोवतालचा पत्रा खातो. म्हणून जाड कोटिंगचे स्क्रू आणि ईपीडीएम रबराचा वॉशर.

आणि एक काम तुमच्याकडून हवंय. पावसात वरची बाजू आपोआप धुतली जाते, पण खालची बाजू आणि वळचणीखालचे पाइप कधीच धुतले जात नाहीत, ऑक्टोबरपासून मे पर्यंत त्याच्यावर मीठ बसत राहतं. दिवाळीनंतर एकदा आणि शिमग्याला आलात की एकदा, साध्या विहिरीच्या पाण्याने पाइप लावून खालून धुवा, साबण नको. शेड ताब्यात देताना दिलेल्या कागदावर हे लिहिलंय, पण कागद कपाटात जातो, म्हणून परत सांगतोय.

ठिपके साफ करायला चतुर्थीच्या आधी आमची पोरं येतील. शिडी आणि ब्रश आम्ही आणतो, फक्त नळ चालू राहील असं शेजारी सांगून ठेवा, आणि साफ केल्यावरचे फोटो तुम्हाला पाठवतो.