शिंदी सोडवायचीच आहे, पण दवाखान्याला सांगून: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आधी ती थोडक्यात मांडते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की गावातलं शिंदीचं दुकान बंद पाडण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, आणि रोज पिणाऱ्या माणसाची शिंदी घरच्या घरी एका दिवसात तोडू नका. त्यावर तुम्ही लिहिलंत: "आम्ही बायकांनी भांडून दुकान बंद पाडलं. तुम्ही असं लिहिलं की पिणाऱ्यांना आयतं निमित्त मिळतं. माझ्या दिरानं एका दिवसात सोडली, चार दिवस तळमळला, आज शेती बघतो. मन घट्ट असलं की सगळं जमतं. नसेल जमत तर भोगू दे, आम्ही कमी भोगलं का?"

तुम्ही भोगलंत, आणि त्याचा हिशोब मागायचा मला अधिकार नाही. दुकान बंद पाडलंत हे उत्तमच केलंत, त्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. माझं म्हणणं आहे ते दुकानाला कुलूप लागल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याबद्दल. मी तेलंगणाच्या सीमेलगतच्या तालुक्यात मेडिसिन वॉर्डात सिस्टर म्हणून काम करते. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद, बिलोली, देगलूर या पट्ट्यात शिंदी किती मुरलेली आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या आठवड्यात कॉटवर कोण येतं, ते मी बघते.

मुळात तुमच्या दिराने काय सोडलं, हे त्यांना तरी ठाऊक होतं का? शिंदीच्या झाडाचा रस आंबला की त्यात साधारण ४ ते ६ टक्के अल्कोहोल येतं. पण झाडं मोजकी, रस हंगामी, आणि गिऱ्हाईक बाराही महिने दारात उभं. मग पाणी वाढवतात, गोडीला सॅकरीन घालतात, आणि पाणी झालेल्या रसाला चढ यावी म्हणून क्लोरल हायड्रेट, अल्प्राझोलम, नाहीतर डायझेपाम टाकतात. क्लोरल हायड्रेट हे एकोणिसाव्या शतकातलं झोपेचं औषध, १८६९ पासून वापरात आलेलं. अल्प्राझोलम म्हणजे घबराटीवर, झोपेसाठी डॉक्टर पाव किंवा अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी मोजून देतात ते; डायझेपाम त्याच जातीचं. मालेगावात कुत्ता गोळी म्हणून जी विकली जाते, तीही बहुतेक हीच. ही पावडर ड्रममध्ये अंदाजाने ओतून ढवळली जाते. एका बाटलीत किती गेली हे विकणारासुद्धा सांगू शकत नाही.

म्हणजे माणूस म्हणतो, मी शिंदी पितो. प्रत्यक्षात तो कित्येक वर्षं रोज न मोजलेलं झोपेचं औषध घेत असतो. आणि त्याच्या घरचे, गावातले डॉक्टर, कधी कधी आम्हीसुद्धा त्याला "साधी शिंदी पिणारा" समजून बसतो.

दारू, अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट हे सगळे मेंदूला शांत करणाऱ्या एकाच यंत्रणेला जोर देतात. रोज बाहेरून जोर मिळाला की मेंदू स्वतःची शांत करणारी ताकद कमी करतो आणि उत्तेजित करणारी बाजू वाढवतो, म्हणजे तोल राहतो. रस्सीखेचीत दोन्ही बाजू ताणून उभ्या असताना एका बाजूने दोर एकदम सोडून दिला तर दुसरी बाजू जशी कोसळते, तसं बाटली अचानक तुटल्यावर होतं. हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी आणि बीपी चढतं, झोप उडते. काहींना झटके येतात. काहींना भ्रम होतो, ताप चढतो, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. ब्राउन शुगर सोडणाऱ्याचे हाल बघवत नाहीत, पण निव्वळ त्या तळमळीने निरोगी माणूस सहसा मरत नाही. या प्रकारात मरू शकतो. हा फरक गावागावात सांगितला गेला पाहिजे, आणि तो कुणी सांगत नाही म्हणून मी लिहिते.

मन घट्ट असण्याबद्दल तुम्ही लिहिलंत. घट्ट मनाने माणूस पुन्हा दुकानाकडे जात नाही, हे खरं आहे आणि तेच सगळ्यात अवघड आहे. पण झटका मनाला विचारून येत नाही. आमच्याकडे एक गडी माणूस आला होता, ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदलते. त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शिंदी सोडली होती. त्याच्याइतकं घट्ट मन मी क्वचित पाहिलं. दुसऱ्या दिवशी शेतात झटका आला, जीभ चावली गेली. तिसऱ्या रात्री तो कॉटवर बसून हवेतून काहीतरी चिमटीने वेचत होता, चादरीवरून न दिसणारे किडे झटकत होता, आणि मला म्हणत होता, "बैल सोडले का? पाणी दाखवलं का त्यांना?" अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. नाडी मोजताना त्याच्या मनगटाबरोबर माझी बोटंही थरथरत होती. त्याची आई शेजारी उभी राहून परत परत एकच सांगत होती, "दारू नाही हो सिस्टर, दारूला शिवला नाही कधी. नुसती शिंदी." तिला वाटत होतं की हे सांगितल्याने तो लवकर बरा होईल. खरं तर आम्हाला हवं होतं ते उलटं: रोज किती बाटल्या, कुठल्या दुकानातल्या, शेवटची कधी प्यायला, सोबत गोळ्या खायचा का.

हा माणूस वाचला. लोराझेपामची (अल्प्राझोलमच्याच जातीचं औषध) इंजेक्शनं, थायमिन, सलाइन, रात्रभर कुणीतरी उशाशी, हे सगळं मिळालं म्हणून वाचला. आणि थायमिनचं आवर्जून सांगते. गावात असा माणूस थरथरायला लागला की पहिली मागणी असते, "एक ग्लुकोज लावा." वर्षानुवर्षं जेवणाकडे दुर्लक्ष झालेल्या पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. त्याला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चांगल्या हेतूने लावलेली बाटली अशी महागात पडते.

तुमच्या दिरांना चार दिवसांत बरं वाटलं, याचा मला खरोखर आनंद आहे. पण त्यांच्या बाटलीत काय होतं, किती होतं, ते किती वर्षं पीत होते, आधी कधी झटका आला होता का, यावर ते चार दिवस ठरले. शेजारच्याची बाटली दुसऱ्या ड्रममधली असू शकते. शिवाय चार दिवस हा आकडाही फसवा आहे. दारूचे झटके पहिल्या दोन दिवसांत येतात, भ्रमाचा काळ साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचा. अल्प्राझोलम लवकर उतरतं, म्हणून त्याचा त्रासही एक-दोन दिवसांत सुरू होतो. डायझेपाम मात्र अंगात रेंगाळतं, आणि त्याचे झटके आठवड्यानेसुद्धा येऊ शकतात, जेव्हा घरच्यांनी "सुटला बाबा" म्हणून नारळ फोडलेला असतो.

हे मी एकटी माझ्या वॉर्डवरून सांगत नाही. नदीपलीकडच्या तेलंगणात सप्टेंबर २०१५ मध्ये भेसळीच्या शिंदीवर धडक कारवाई झाली. कारवाई योग्यच होती. पण पुरवठा एकदम तुटला, आणि निजामाबाद, महबूबनगर या जिल्ह्यांत शेकडो माणसं झटके, भ्रम, बडबड, स्वतःला इजा करून घेणं अशा अवस्थेत दवाखान्यांत आली. काहींचा जीव गेला. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनने सगळंच बंद झालं तेव्हा हैदराबादच्या एर्रागड्डा इथल्या मनोरुग्णालयात हीच गर्दी उसळली. आणि दुकानं चालू राहिली तर काय होतं तेही तिथेच दिसलं: जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्लीत भेसळीची शिंदी पिऊन माणसं मेली. म्हणून कुणी माझ्या लेखाचा अर्थ "चालू राहू द्या" असा लावू नये. चालू ठेवणंही मारतं, बेसावधपणे तोडणंही मारतं.

पार अमेरिकेतलं एक उदाहरण देते, कारण तिथे मोजदाद नीट झाली. फिलाडेल्फिया शहरात रस्त्यावर नशेसाठी विकल्या जाणाऱ्या फेंटानिलमध्ये (अफूच्या जातीचं, फार जहाल कृत्रिम औषध) २०२४ पासून मेडेटोमिडिन सापडू लागलं. हे जनावरांना गुंगी देण्याचं औषध, पशुवैद्यकांकडचं. घेणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात फेंटानिल तुटल्याने तिथल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या, नाडी-बीपी बेफाम झालेल्या १६५ रुग्णांची नोंद झाली. त्यातल्या १५० जणांना आयसीयूत ठेवावं लागलं आणि ३९ जणांच्या घशात नळी घालावी लागली. फेंटानिल तुटण्यावर एरवी लागू पडणारी औषधं पुरी पडेनात, कारण शरीर भेसळीसाठी तडफडत होतं. डॉक्टरांनी मेडेटोमिडिनच्याच गटातलं औषध थेंबाथेंबाने देऊन ते आवरलं. एवढ्या सधन देशातल्या मोठ्या रुग्णालयांची ही तारांबळ, तर आपल्या उपकेंद्रावरच्या सिस्टरने काय करावं?

आता तुमचा सगळ्यात रास्त मुद्दा: पिणाऱ्याला निमित्त मिळतं. मिळतं, मान्य. "सोडली तर मरेन, सिस्टरनेच लिहिलंय" असं म्हणून बाटली तोंडाला लावणारा निघेल. त्याला माझं नाव घेऊन सांगा, की सिस्टरने "सोडू नको" असं कुठेही लिहिलेलं नाही, "चल, आजच दवाखान्यात जाऊन सोड" असं लिहिलंय. तिथे डॉक्टर त्याच जातीचं औषध मोजून देतात आणि रोज थोडं थोडं कमी करत बंद करतात. एक नशा काढून दुसरी लावली असं काहींना वाटतं. पण मोजलेलं, उतरत जाणारं आणि ठरलेल्या दिवशी संपणारं औषध वेगळं, आणि ड्रममधली मूठभर पावडर वेगळी. घरी मेडिकलमधून गोळ्या आणून हा प्रयोग मात्र कुणी करू नये. किती द्यायची आणि कधी थांबायचं हे नाडी, बीपी, शुद्ध बघून ठरतं.

आणि घाबरवून सोडवलेला माणूस बहुतेक वेळा परत जातो. पंधरा दिवस कोरडा राहिलेला माणूस पहिल्याइतक्याच बाटल्या एका बैठकीत पितो, अंगाची सवय मोडलेली असते, आणि झोपेतच श्वास मंदावतो. बायको सकाळी उठवायला जाते. "भोगू दे" म्हणताना तुमच्या मनात तो माणूस होता, हे मी समजू शकते. पण त्या घरात भोगायची पाळी पुन्हा बाईवरच येते. कर्ज तिच्या नावावर, पोरं तिच्या पदरात, आणि झटके येऊन अधू झालेल्या नवऱ्याचं करायचं तेही तिनेच.

तुमच्या गटाकडून मला एक हवं आहे. शेजारच्या गावातलं दुकान तुम्ही बंद पाडणारच आहात, तेव्हा आशाताईंना बरोबर घ्या. रोज पिणारे कोण, सकाळी उठल्याबरोबर पिणारे कोण, आधी झटका आलेले कोण, हे त्यांना आणि तुम्हाला तोंडपाठ असतं. ती नावं गुपचूप आरोग्य केंद्राला द्या, चावडीवर वाचू नका. सकाळी डोळे उघडताच ज्याला लागते त्याला आधी दाखवा, मग बंद करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम आणि नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला मानसोपचार विभाग यासाठीच आहे. फोनवर विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६. झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही कोंबू नका, पाणीसुद्धा पाजू नका, आणि १०८ ला फोन करा.

दुसरं मागणं प्रशासनाकडे आहे, आणि इथे तुमचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. छाप्यात जप्त केलेल्या शिंदीचा नमुना प्रयोगशाळेत जातो. अहवाल येतो तो खटल्यासाठी. अल्प्राझोलम एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात मोडतं, १०० ग्रॅमपेक्षा जास्त सापडलं तर किमान १० वर्षांची शिक्षा आहे, त्यामुळे पोलिसांना तो अहवाल लागतोच. पण त्या दुकानाची माणसं ज्या वॉर्डात येतात, त्या वॉर्डाला तो कुणी कळवत नाही. आमच्याकडे नशेचे पदार्थ तपासायची लघवीची जी पट्टी असते, तिच्यावर क्लोरल हायड्रेट दिसत नाही. ड्रममध्ये काय होतं हे दोन ओळींत तालुक्याच्या दवाखान्याला कळवायला कोणता कायदा आडवा येतो? मोर्चा काढाल तेव्हा निवेदनात ही मागणी घाला, मी मसुदा लिहून देते.

आणि एक विचारून बघा. तुमचं दुकान बंद झालं त्या पंधरवड्यात गावात कुणाला पहिल्यांदाच झटका आला होता का? आला असेल तर त्याला फेफरं समजून गोळ्या सुरू झालेल्या असण्याची शक्यता आहे. त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि झटका शिंदी तुटल्यावर आला होता, हे त्यांना तारखेसकट सांगा.