कंबरेची साक्ष

प्रवासाला सर्वांत त्रासदायक रेल्वेगाडी कोणती, या प्रश्नावर गेली कित्येक वर्षे माझ्या शरीराच्या अवयवांमध्ये एकमत झालेले नाही. कंबरेचे म्हणणे एक आहे, मानेचे दुसरे, आणि पोटाने तर या विषयावर आपले मत एकदा इतक्या उघडपणे मांडले की, समोरच्या बाकावरचे कुटुंब पुढच्याच स्थानकावर दुसऱ्या डब्यात गेले. या वादात तटस्थ राहण्याचा मी मनापासून प्रयत्न करतो. परंतु तिकीट मी काढतो आणि भोगावे त्यांना लागते, हा त्यांचा मुद्दा मला अजून खोडून काढता आलेला नाही. म्हणून अखेरीस एकेकाची साक्ष रीतसर नोंदवून घ्यायचे मी ठरवले.

दुखण्यातील ज्येष्ठतेनुसार पहिला मान अर्थातच कंबरेचा. तिच्या मते गाडीचा त्रास गर्दीवर किंवा बाकावरील गादीवर ठरत नसून, डब्याच्या पोटाखाली काय दडलेले आहे यावर ठरतो. आपण बोलताना डब्यालाच ‘बोगी’ म्हणतो. वस्तुतः बोगी म्हणजे डब्याच्या टोकाखालचा, सहसा चार चाकांचा, स्वतंत्रपणे वळू शकणारा गाडा. रुळात कुठे उंचवटा आला तर या गाड्याची पुढची चाके वर चढतात तेव्हा मागची अजून खालीच असतात, आणि डब्याचा भार गाड्याच्या मध्यावर टेकलेला असल्यामुळे डब्याच्या वाट्याला त्या क्षणी निम्माच उंचवटा येतो. ही सोय काढून टाकून डब्याच्या दोन टोकांखाली थेट एकेक आस, म्हणजे दोन चाके जोडणारा दांडा, बसवला, की मधल्यामध्ये कोणीही हात न लावलेला संपूर्ण धक्का प्रवाशापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो.

असे कोण करील, असे वाटेल. परंतु हे काटकसर म्हणून आणि पूर्ण विचारांती करण्यात आलेले आहे. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात जुन्या गाड्या बदलण्यासाठी पैसे अपुरे पडत होते, तेव्हा ‘पेसर’ नावाच्या गाड्या बांधण्यात आल्या. त्यांतील ‘क्लास १४२’ या प्रकाराचा सांगाडा प्रवासी बसच्या सुट्या भागांपासून तयार केलेला होता आणि त्याखाली मालवाहू डब्याच्या धर्तीची दोन आसांची चौकट होती. म्हणजे वर बस, खाली मालगाडी आणि मध्ये माणूस. रुळांवरून जाताना ही गाडी पुढेमागे अशी डोलत असे की, लोकांनी तिचे नाव ‘मान डोलावणारे गाढव’ असे ठेवले. वळणावर चाकांना वळता येत नसल्यामुळे ती किंचाळत असे, ते वेगळेच. तात्पुरती सोय म्हणून आलेल्या या गाड्यांपैकी शेवटच्या गाड्या २०२१ साली निवृत्त झाल्या. तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य नेहमीच दांडगे असते.

याच जातकुळीच्या एका दोन आसांच्या गाडीतून मी एकदा दोन तास प्रवास केला. प्रारंभी मी पुस्तक उघडले, परंतु डोळे एका ओळीवर आणि ओळ दुसऱ्याच उंचीवर अशी परिस्थिती असल्यामुळे एकच वाक्य मी अकरा वेळा वाचले, आणि दर वेळी त्याचा अर्थ थोडा निराळा लागला. पुस्तक मिटून मी एका महत्त्वाच्या अर्जावर सही करून टाकली. तो अर्ज पुढे ‘सही जुळत नाही’ अशा शेऱ्यासह परत आला. मी ती नीट न्याहाळून पाहिली. ती सही नव्हतीच. तो भूकंपमापकाचा आलेख होता आणि त्यात अधूनमधून माझ्या आडनावातली अक्षरे दिसत होती.

कंबरेचा हा आक्रोश कोणी नाजूकपणा समजू नये, कारण त्याला शास्त्राचा आधार आहे. आसनावर बसलेल्या माणसाला सेकंदाला सुमारे ४ ते ८ वेळा होणारी वरखाली हालचाल सर्वाधिक जाणवते, असे कंपनांचा अभ्यास करणारे सांगतात. त्याहून सावकाश किंवा त्याहून जलद हादरे शरीर पुष्कळ सोसते. शिवाय स्पर्लिंग नावाच्या जर्मन अभियंत्याने गाडीच्या हादऱ्यांना गुण देण्याची पद्धतच घालून दिलेली आहे. तिच्यात २ म्हणजे हादरे स्पष्ट जाणवतात, ३ म्हणजे तीव्र आणि अनियमित तरीही सुसह्य, साडेतीन म्हणजे अत्यंत त्रासदायक आणि दीर्घकाळ सोसणे अशक्य, आणि ४ म्हणजे अपायकारक. माझ्या आयुष्यात जास्त गुण मिळाल्याचे वाईट वाटण्याचा प्रसंग एवढाच. त्या दोन तासांच्या प्रवासाला कंबरेने चार गुण दिले आणि वर स्थानकाच्या जिन्याचा अर्धा गुण आणखी मागितला.

गाडी आडवी डोलते त्याचे कारण मात्र काटकसर नव्हे, तर भूमिती. रेल्वेची चाके सरळ नळकांड्यासारखी नसतात; ती किंचित शंकूसारखी निमुळती केलेली असतात, म्हणजे वळणावर बाहेरचे चाक जाड बाजूवर आणि आतले बारीक बाजूवर येऊन गाडी आपोआप वळते. ही युक्ती इतकी सुंदर आहे की तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु सरळ रस्त्यावर हीच चाके मध्यभाग शोधत एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे सरकत राहतात, आणि या नागमोडी चालीचे गणित १८८३ साली क्लिंगेल याने मांडून ठेवले. म्हणजे आपली गाडी का डोलते हे माणसाला इतकी वर्षे नेमके ठाऊक आहे. समजून घेतले की दुःख हलके होते असे म्हणणाऱ्या माणसाने जुनाट रुळांवर कधी प्रवास केलेला नसावा. कंबरेने यावर एकच व्यवहार्य तोडगा सुचवला आहे: डब्याच्या मध्याजवळची जागा धरावी, कारण टोकाकडच्या जागा थेट चाकांवर येतात, आणि स्वच्छतागृहाचे दारही बहुधा तिकडेच असते.

गुडघ्यांचे निवेदन छोटे होते. समोरासमोरच्या आसनांवर दोन अनोळखी माणसांच्या चार गुडघ्यांना एकाआड एक रचले जाते, त्यांतला एक जरी हलवायचा झाला तरी चौघांची संमती लागते, आणि ती घेण्यासाठी आधी समोरच्याकडे पाहावे लागते, जे सगळेच टाळत असतात. एवढे बोलून ते खाली बसले. म्हणजे प्रयत्न केला.

पाठीने मात्र इतिहास काढला. १८४४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून रेल्वे कंपन्यांना बजावले की, तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांसाठी दररोज निदान एक गाडी ताशी १२ मैलांच्या सरासरी वेगाने सोडावी, भाडे मैलाला एका पेनीहून अधिक घेऊ नये, आणि त्या डब्यांत बसायला आसने व ऊनपावसापासून आडोसा असावा. डब्यात बसायला जागा असावी हे कायद्याने सांगावे लागले, यावरून त्याआधी काय होते याची कल्पना करावी. पाठीची तक्रार अशी की, कायद्याने आसन दिले, पण मऊ आसन द्या असे काही त्यात लिहिलेले नाही आणि या फटीचा फायदा अजूनही घेतला जातो. लंडनच्या आसपास २०१६ पासून धावू लागलेल्या ‘क्लास ७००’ गाड्यांमधल्या सडपातळ, ताठ आसनांना प्रवाशांनी ‘इस्त्रीचे टेबल’ असे नाव दिले. इस्त्रीच्या टेबलावर निदान गरम तरी केले जाते, हे पाठीचे मत मी नोंदवून घेतले आणि तिला आवरले.

मानेची साक्ष रात्री झाली. बसून रात्र काढण्याच्या गाडीत मानेची स्थिती परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या विद्यार्थ्यासारखी असते: झोपायचे नाही असे ठरवायचे आणि दर दहा मिनिटांनी दचकून जागे व्हायचे. त्यापेक्षा मॉरिटानियातील लोहखनिजाची गाडी बरी, असे तिने एकदा वैतागून म्हटले. झुएरात ते नुआधिबू या सुमारे ७०० किलोमीटरच्या वाळवंटी मार्गावर लोक वर्षानुवर्षे खनिजाने भरलेल्या उघड्या वाघिणींवर बसून प्रवास करत आले आहेत. दिवसा ऊन, रात्री थंडी आणि नाकातोंडात लोखंडाची धूळ. परंतु तेथे पाय पसरून आडवे होता येते, या एका कलमावर मान सारे काही माफ करायला तयार होती.

तेव्हा मी तिच्यासाठी झोपण्याची गाडी निवडली आणि नशिबी तीन मजल्यांपैकी मधला बर्थ आला. मधल्या बर्थचा माणूस हा रेल्वेतला पोटभाडेकरू असतो. खालच्याला झोप आल्याशिवाय त्याला झोपता येत नाही, आणि तो उठल्याशिवाय खालच्याला ताठ बसता येत नाही. म्हणून तो दोन वेळा नावडता होतो, रात्री घाई करतो म्हणून आणि सकाळी करत नाही म्हणून. भारतीय रेल्वेला तर या बर्थच्या वापराची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा अशी नियमाने ठरवून द्यावी लागली. २००६ साली सुरू झालेल्या गरीब रथ गाड्यांमध्ये खिडकीलगतच्या, मुळात दोनच मजल्यांच्या बाजूलाही एक मधला बर्थ बसवण्यात आला. ज्याने तो आखला त्याने आयुष्यात एकदाही कूस बदललेली नसणार.

माझा मधला बर्थ दोन साखळ्यांवर लोंबकळत होता. दिवे मालवले गेले, सर्वत्र शांतता झाली, आणि मग माझ्या कानापासून वीतभर अंतरावर डोक्याकडच्या साखळीचा आकडा त्याच्या कडीत किणकिणू लागला. आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर त्याची सवय झाली असती. तो मध्येच थांबत असे, आता संपला असे वाटण्याइतका वेळ थांबत असे आणि मग जीभ चावल्यासारखा एकदाच वाजत असे. आकडा मी बोटाने दाबून धरला, पण बोटाला झोप लागली. रुमाल खोचला, तो सटकून खालच्या गृहस्थांच्या तोंडावर पडला, त्यांनी तो झोपेतच घडी करून खिशात ठेवला. शेवटी मी उजव्या पायातला मोजा काढला, त्याची गुंडाळी करून कडीत घट्ट कोंबली आणि आवाज एकदम बंद पडला. त्या रात्री मी जो झोपलो तो माझे स्थानक आल्यावर कोणीतरी हलवून जागे करीपर्यंत. साखळीत अडकलेला मोजा हिसकून काही निघेना आणि गाडी काही थांबेना. मी एका मोज्यानिशी उतरलो. तो बर्थ आता निःशब्द असेल. तिथे झोपणारा कोणी सुखी जीव कोणाला दुवा देत असेल, कोण जाणे.

कानांना मात्र साखळीपेक्षा रुळांचे सांधे अधिक प्रिय आहेत, आणि झोप न येणाऱ्या माणसासाठी त्यांनी एक हिशेबही शोधून ठेवला आहे. रूळ १३ मीटर लांबीचे असतील, तर ४७ सेकंदांत जितके खटके मोजले जातील, जवळजवळ तितकाच गाडीचा ताशी किलोमीटरमधला वेग. मी हे एका रात्री करून पाहिले. खटके बत्तीस आले. पुन्हा मोजले, एकोणतीस. तिसऱ्या खेपेला सात आले, तेव्हा गाडी थांबते आहे हे मला इतर कोणाही प्रवाशाच्या आधी कळले आणि त्या ज्ञानाचा काहीएक उपयोग झाला नाही. आता बहुतेक मार्गांवर रूळ जोडून सलग केलेले असतात, त्यामुळे खटके गेले, आणि आपण किती सावकाश जात आहोत हे मोजण्याची करमणूकही गेली.

उरले पोट. इतर सर्वांनी जुन्या, खडखडणाऱ्या गाड्यांविरुद्ध साक्ष दिली. पोटाने आधुनिक गाडीकडे बोट दाखवले. वळणावर वेगाने जाता यावे म्हणून काही गाड्यांचे डबे सायकलस्वारासारखे आतल्या बाजूला कलतात. जपानमध्ये १९७३ साली आलेल्या ३८१ मालिकेच्या गाड्यांत हे कलणे वळणावर बाहेर लोटणाऱ्या ओढ्यावरच सोपवलेले होते, आणि ते वळणाला किंचित उशिरा पोहोचत असे. त्या गाड्यांमध्ये प्रवाशांसाठी ओकारीच्या पिशव्या ठेवलेल्या असत. ब्रिटनने कलण्याचे काम यंत्राकडे दिले आणि १९८१ च्या डिसेंबरात पत्रकारांना आपल्या नव्या गाडीत बसवले. यंत्राने वळणाचा बाजूचा ओढा जवळपास पूर्ण नाहीसा केला होता. खिडकीतून क्षितिज तिरके होताना दिसे आणि शरीराला मात्र काहीच जाणवत नसे. डोळे आणि तोल सांभाळणारे कान यांच्यातल्या या मतभेदात निकाल पोटाने दिला. पुढे अभियंत्यांनी थोडासा ओढा मुद्दाम शिल्लक ठेवला, तेव्हा कुठे पोटे शांत झाली. प्रवाशाला बरे वाटावे म्हणून त्याला थोडा त्रास जाणीवपूर्वक परत द्यावा लागला, याचा पोटाला आजही अभिमान वाटतो.

समोरच्या बाकावरच्या त्या कुटुंबाचा प्रसंग अशाच एका कलणाऱ्या गाडीतला. त्यांतली आजी जाता जाता वळून म्हणाली, “खिडकीबाहेर पाहू नका, बाळ.” मी पन्नाशीचा होतो. मी डोळे मिटून घेतले, आणि त्यामुळे नेमकी कोणती पिशवी हाताशी आहे हे मला दिसले नाही. ती त्यांची होती.

साक्षी संपल्या. निकाल अद्याप राखून ठेवलेला आहे, कारण न्यायाधीशाला पुढच्या आठवड्यात प्रवासाला जायचे आहे. तिकीट हाती आले आहे: मधला बर्थ, डब्याच्या अगदी टोकाला, चाकांवर, दाराशेजारी, तेवढा एकच शिल्लक होता. कंबरेला मी अजून काही सांगितलेले नाही. बॅगेत मोज्यांचे तीन जोड भरले आहेत.