नाना पाणी प्यायला थांबायचे

आज सकाळी गावच्या ग्रुपवर मेसेज पडला. आपले जुने पोस्टमन नाना काल रात्री गेले. खाली हात जोडलेले, फुलं, समई, परत हात जोडलेले. एकोणचाळीस. हो, मोजले मी. आणि चाळिसावा मेसेज कुणाच्या तरी चिरंजीवांचा: "पोस्टमन? अजून असतात का?" पुढे हसरं तोंड.

ग्रुपवर गप्प बसले, उगाच त्याच्या आईला वाईट वाटायला नको. इथे मात्र बोलणार आहे.

आमचं गाव गुहागर तालुक्यातलं. त्या काळी कोकणातल्या बऱ्याच घरांची चूल मुंबईच्या मनीऑर्डरवर पेटायची, हे तुम्हाला मी काय सांगायचं. आमचे बाबा लालबागला गिरणीत. गावात आजी, आई, मी आणि धाकटा भाऊ. महिन्याच्या दहा-बारा तारखेला नाना आमच्या ओट्यावर बसायचे, पिशवीतून शाईची चपटी डबी काढायचे, नोटा दोनदा मोजायचे आणि म्हणायचे, "आजी, अंगठा." आजी अंगठा उठवायची आणि राहिलेली शाई केसांना पुसायची. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर बाबांच्या दोन ओळी असायच्या, त्या नाना मोठ्याने वाचायचे. तुकडा आजी देवाच्या फळीवर ठेवायची. मग नाना मला सांगायचे, "बायो, पाणी आण गो."

18 जानेवारी 1982. गिरण्यांचा संप. मी तेव्हा तिसरीत.

आमच्या घराच्या समोर, रस्त्यापलीकडे, किराणा दुकान. उधारीची वही तिथेच. मार्च उजाडला आणि दुकानदाराने सांगून टाकलं, गिरणीवाल्यांना उधार बंद. (त्याचंही चुकलं म्हणत नाही, त्याला चिपळूणहून माल रोखीनेच आणावा लागायचा. पण तरीही.) ज्यांचं माणूस बीएसटीत (म्हणजे बेस्टमध्ये), पोलिसात, गोदीत, त्यांना मिळायचं. ज्यांची मनीऑर्डर येते त्यांना मिळायचं. साधा हिशोब.

बाबांची मनीऑर्डर फेब्रुवारीपासूनच बंद झाली होती. ते मुंबईतच थांबले होते, मिळेल ती हमाली करत. आज मिटेल, उद्या मिटेल. तो संप रीतसर असा कधी मिटलाच नाही.

आणि तरी नाना दर महिन्याला येत राहिले. दहा-बारा तारखेलाच. ओट्यावर बसायचे, पिशवी मांडीवर घ्यायचे, शाईची डबी काढून शेजारी ठेवायचे. झाकण लावलेलीच. आजीशी भाताच्या, गुरांच्या गोष्टी. मग "बायो, पाणी आण गो." तांब्याभर पाणी संपवून डबी पिशवीत टाकून पुढच्या घराला. सात महिने.

मला वाटायचं, माणसाला तहान लागते.

कळलं ते आजीच्या तेराव्याला. आईने सांगितलं, नाना थांबतात म्हणून समोरचा समजत होता की बाबा दुसरीकडे कुठे चिकटलेत, पैसे येतात. सात महिने त्याने तांदूळ, गूळ, रॉकेल दिलं. नंतर बाबा एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले आणि पै न पै फेडली. मधे एकदा म्हणे दुकानदाराने नानांना सरळच विचारलं, "यांची येते ना हो मनीऑर्डर?" तर नाना म्हणाले, "माझ्या पिशवीत कुणाचं काय असतं, ते मी दुकानात सांगत नसतो."

खोटं बोलले नाहीत हं. एक शब्द नाही.

आता म्हणाल, जुनं ते सोनं सुरू झालं बाईचं. बरं बाबा, मान्य. माझा मुलगा पुण्याहून दोन सेकंदांत पैसे टाकतो, ते मलाही हवेच असतात. आणि नाना काही देव नव्हते. मनीऑर्डरमागे चहापाण्याचे आठ आणे घ्यायचे. पोस्टकार्डं वाचायचे, आणि त्यातलं चांगलं सगळ्या वाडीला सांगायचे, माझा दहावीचा निकाल आधी पाणवठ्यावर पोचला, मग माझ्याकडे. पण अशुभाचं कार्ड असलं, वर 'श्री' नसलेलं, की मात्र तोंडातून शब्द नाही. ते हातात द्यायचे नाहीत. आधी घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला घ्यायचे, चप्पल काढून.

परवाच आमच्या बिल्डिंगखालून एका कुरियरवाल्या पोराचा फोन. मॅडम, लोकेशन पाठवा. अरे, गेटवर नाव लिहिलंय, मजला लिहिलाय. नाही, लोकेशन पाठवा. शेवटी पार्सल वॉचमनकडे टाकून 'स्वतः स्वीकारले' असा मेसेज. त्या पोराला तरी काय बोलायचं, दिवसाला किती डबे पोचवायचे त्यावर त्याचं पोट. पण राग आला, खोटं कशाला बोलता?

आमच्याकडे पत्ता काय असायचा माहितीय? 'आजीस मिळे, पिंपळाखालचे घर.' पिनकोड काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच कोकणातले. 15 ऑगस्ट 1972 ला तो लागू झाला. त्याचा अभिमान आहेच. पण पिंपळाखालचं घर म्हणजे कुठलं, हे सहा आकडे सांगत नाहीत, ते नानांनाच माहीत.

आणि त्या नानांना काय मिळालं? ते खात्याचे पक्के नोकर कधीच नव्हते. तेव्हा त्यांना ई.डी. म्हणायचे. हसू नका, ती ईडी नव्हे, एक्स्ट्रा डिपार्टमेंटल. नंतर नाव झालं ग्रामीण डाक सेवक, भारदस्त. कागदावर चार-पाच तासांचं काम, पायाखाली चार वाड्या, दोन पऱ्ये (ओढे) आणि एक घाटी. पासष्टीला निवृत्त, आणि पक्क्या पोस्टमनला मिळते तशी पेन्शन नाही. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी पैसे पोचवले, त्याच्या घरी पहिल्या तारखेला काही यायचं नाही. यावर कुणी स्टेटस ठेवलं? तार 2013 च्या जुलैत बंद झाली तेव्हा सगळे हळवे झाले. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात गेलं तेव्हाही झाले. कागदासाठी रडता येतं. तो कागद घेऊन घाटी चढणारा माणूस पडवीत खोकत बसलेला असतो, त्याच्याकडे जायला सुट्टी मिळत नाही.

हे मी मलाच सुनावतेय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गेल्या तीन गणपतींत मी गावी होते आणि एकदाच गेले त्यांच्याकडे, तेही निघायच्या दिवशी, रिक्षा रस्त्यावर उभी ठेवून.

दिसत कमी होतं. आवाजावरून ओळखलं, "बायो ना तू?" मी धीर करून विचारलंच, "नाना, ब्याऐंशी साली तुम्ही आमच्याकडे काही नसताना का हो थांबायचात?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या विहिरीचं पाणी गोड होतं गो."

आमची विहीर खाडीच्या अंगाला आहे. पाणी मचूळ. गुरंसुद्धा नाखुशीने पितात. प्यायचं पाणी आई वरच्या वाडीतून डोक्यावरून आणायची, आणि ते संपलेलं असलं की मी नानांना विहिरीचंच द्यायचे.

दहावं पुढच्या शनिवारी आहे. मी शुक्रवारी रात्री गाडी काढतेय, दोन जागा आहेत. कुणाला यायचं असेल तर कळवा, पनवेलला थांबते.