डंडीचा म्हातारा आणि आमचा ग्रुप

कॉलेजातल्या नाटकवाल्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बावीस जण. त्यातले तिघे अजून नाटक करतात, उरलेले एकोणीस नाटकावर बोलतात. मी त्या एकोणिसांतला. त्यात मी अकरा वर्षांपूर्वी कोल्हापूर सोडून स्कॉटलंडात डंडीला आलेला, औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा. बोलायचा हक्क आणखीच कमी.

परवा कुणीतरी 'सक्सेशन' या अमेरिकी मालिकेतली लोगन रॉयची क्लिप टाकली. म्हातारा टेबलापलीकडच्या पोरांकडे नुसता बघतो आणि त्यांची हवा जाते. खाली पहिला मेसेज: "असला नट आपल्याकडं का तयार होत न्हाई?" मग नेहमीचं दळण. मालिकांनी नट गिळले, पोरांना तालमीला वेळ नाही, तारखा मिळत नाहीत, मोबाइल बघत एंट्री घेतात. शेवटी सदानं ठोकलं, "पोटाला चिमटा बसल्याबिगर नट घडत न्हाई, लेका."

सदा त्या करणाऱ्या तिघांतला, म्हणून मी सहसा त्याला उत्तर देत नाही. पण या वेळी राहवलं नाही. लोगन रॉय झालेला ब्रायन कॉक्स याच गावचा, आणि त्याच्या पोटाला बसलेला चिमटा काही साधासुधा नव्हता.

कॉक्सचा जन्म १९४६ चा. आई ज्यूटच्या गिरणीत सूत कातायची. डंडी म्हणजे तेव्हा ज्यूटचं गाव; बंगालातून कच्चा ज्यूट बोटीनं यायचा आणि इथं त्याचं बारदान व्हायचं. (साखरेची पोती बघत वाढलेल्या माझ्यासारख्याला इथल्या ज्यूटच्या म्युझियममध्ये एवढ्या लांब आल्यासारखं वाटतच नाही.) वडिलांचं किराणा दुकान, आणि गिऱ्हाइकाला उधारी देणारा हात सैल. ब्रायन आठ वर्षांचा असताना ते गेले. मागे बँकेत दहा पौंड उरले होते, असं तो सांगतो. आईचं मन खचलं, तिला वरचेवर इस्पितळात ठेवावं लागलं, आणि पोराला मोठ्या बहिणींनी वाढवलं. चिप्सच्या दुकानात जाऊन तो तळणीतला चुरा मागून आणायचा. आपल्याकडं भज्यांच्या गाडीवर पोरं मागतात तसाच.

पण या चिमट्यानं नट घडवला नाही. घडवला तो पुढच्या गोष्टीनं. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो डंडी रेपर्टरी थिएटरमध्ये लागला. काम काय, तर पडेल ते. स्टेज पुसायचं, निरोप पोचवायचे, कमी पडलं तर छोटी भूमिका. पण ती नोकरी होती. रेपर्टरी म्हणजे पगारी नटांची कायमची कंपनी: रात्री एका नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्या नाटकाची तालीम. आज राजा, पंधरा दिवसांनी वेटर. सोळा-सतरा वर्षांचं पोर विंगेत उभं राहून हे रोज बघत होतं.

१९६३ मध्ये तो लंडनच्या लॅम्डा या नाट्यशाळेत गेला. फी आणि राहण्या-खाण्याचा खर्च सरकारी अनुदानातून. गिरणीतल्या बाईच्या पोराला घरून एक पैसा मागावा लागला नाही. आज त्याच घरातून आलो असतो तर तिथवर पोचलोच नसतो, हे तो मुलाखतींत सतत सांगतो. कधी कधी फारच सांगतो. मुलाखत द्यायला त्याला आवडतं, आणि आत्मचरित्रात त्यानं इतर नटांवर जे तोंडसुख घेतलंय त्यातलं निम्मं गाळलं असतं तरी चाललं असतं.

पुढचं तर सगळ्यांना माहीत असतं, म्हणजे खरं तर शेवटचंच माहीत असतं. लॅम्डातून बाहेर पडला तो १९६५ साली एडिनबराच्या लायसियम थिएटरच्या पहिल्यावहिल्या कंपनीत, मग बर्मिंगहॅमची रेपर्टरी, मग लंडन. १९८६ साली 'मॅनहंटर'मध्ये हॅनिबल लेक्टर हा नरभक्षक खुनी पडद्यावर पहिल्यांदा त्यानं केला, सहा वर्षांनी त्याच भूमिकेचं ऑस्कर दुसऱ्यानं नेलं. १९८७ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत डेबोरा वॉर्नरच्या दिग्दर्शनाखाली 'टायटस अँड्रॉनिकस'. रंगमंचावरचं आपलं सर्वांत चांगलं काम हेच, असं तो आजही म्हणतो. लंडनच्या नाटकांसाठीचं ऑलिव्हिए पारितोषिकही मिळालं. १९९० मध्ये नॅशनल थिएटरला लिअर: म्हातारा राजा चाकाच्या खुर्चीत, डोक्यावर पार्टीची कागदी टोपी. मग पन्नाशीच्या आसपास हा माणूस अमेरिकेत गेला आणि सिनेमातल्या दुय्यम भूमिका करत राहिला. त्यातले बरेच सिनेमे मी झोपेतच संपवलेत. 'सक्सेशन' आलं तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता. आता रस्त्यात लोक त्याला गाठून लोगनची ठरलेली शिवी आपल्याला द्यावी म्हणून विनवतात.

म्हणजे क्लिपमधलं ते नुसतं बघणं सत्तावन्न वर्षांच्या पगारपत्रकांवर उभं आहे.

हे मी ग्रुपवर लिहिलं. एकानं लगेच पकडलं, "तिकडं बसून बोलायला काय जातंय?" बरोबर आहे. गंमत म्हणजे डंडीत कॉक्सलाही हेच ऐकावं लागतं. तो स्वतंत्र स्कॉटलंडचा कट्टर समर्थक, आणि राहायला स्कॉटलंडबाहेर. २०१४ च्या सार्वमतात मत फक्त स्कॉटलंडच्या रहिवाशांना होतं. डंडीनं सत्तावन्न टक्क्यांवर 'हो' म्हटलं, सगळ्या स्कॉटलंडात सर्वांत जास्त. माझ्या दुकानात येणाऱ्या एक आजी, नाव सांगत नाही, 'हो'वाल्याच, पण ब्रायनचा विषय काढला की म्हणतात, टॅक्सीतून उतरून भाषण द्यायचं आणि परत टॅक्सीत बसायचं. मी त्यांची गोळ्यांची पिशवी बांधत असतो आणि मला माझा ग्रुप आठवतो.

तरी एक गोष्ट मी टॅक्सीतूनच सांगणार. १९६३ मध्ये, कॉक्स लंडनला गेला त्याच वर्षी, डंडीचं ते थिएटर जळून गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा इथं संध्याकाळ होती. मी फोनवर ज्वाळा बघत होतो आणि माझ्याच्यानं बोलवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकातले मोठे नट केशवराव यांची जयंती. तिथंच मी पहिली एकांकिका केली होती. डावीकडच्या विंगेतली एक फळी पाय पडला की कुरकुरायची, म्हणून आम्ही एंट्रीला लांब टांग टाकायचो.

डंडीच्या कंपनीनं आग लागल्यावर काय केलं? लॉकी रोडवरच्या एका जुन्या चर्चमध्ये मुक्काम हलवला. तात्पुरता म्हणून. टे स्क्वेअरमधली आजची इमारत उघडली १९८२ मध्ये. मधली एकोणीस वर्षं चर्चमध्येच. इमारतीच्या दिरंगाईत इथलं सरकारही काही कमी नाही, हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगतो. पण इमारत नव्हती तेव्हाही कंपनी होती. नव्या इमारतीतही पुढं पगारी नटांचा संच झाला.

आणि हे आपल्याला परकं कुठं आहे? केशवराव चिमुरडे असताना स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. १९०८ मध्ये त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची नाटक कंपनी काढली. बिऱ्हाड कंपनीचं, जेवण कंपनीचं, पगार कंपनीचा, सकाळी तालीम कंपनीची. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधलं, तेच पुढं केशवरावांच्या नावचं झालं. म्हणजे रेपर्टरी आम्हीही केली होती, तीही ऐटीत. आता उरलीय ती नाइट, म्हणजे प्रयोगागणिक मिळणारे पैसे. प्रयोग लागला तर नाइट, पाऊस पडून बुकिंग बसलं तर तीही नाही, तालमीचे दोन महिने धर्मार्थ. अशात एखाद्या पोरानं मालिका धरली तर त्याला रंगदेवतेची शपथ घालणारे आम्ही कोण? आम्ही एकोणीस जणांनी तर नाइटही न बघता पळ काढला. भांडायचं तर नटाशी नको, महिन्याच्या पगाराबद्दल भांडावं. जळालेल्या वास्तूसाठी आपण रडलो, निधी मागितला, योग्यच केलं. पण इतक्या वर्षांत आमच्या ग्रुपवर एकदाही कुणी 'पगारी कंपनी' हे दोन शब्द लिहिल्याचं मला आठवत नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये कॉक्स डंडीच्या त्याच कंपनीत आला. जेम्स ग्रॅहमचं 'मेक इट हॅपन', रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड बुडायला आली त्याची गोष्ट. कॉक्स त्यात जुना अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ याचं भूत. एकोणऐंशी वर्षांचा, आणि मुख्य भूमिका दुसऱ्याची. मी चौथ्या रांगेत होतो. आला तेव्हा टाळ्या पडल्या, त्या त्यानं घेतल्या नाहीत, सरळ वाक्य टाकलं. शेवटी सगळ्यांबरोबर ओळीत उभा राहून वाकला आणि गेला.

हे सगळं लिहून पाठवलं. निळ्या खुणा झाल्या, कुणी काही बोललं नाही. रात्री सदाचा मला एकट्याला मेसेज आला. "चर्च न्हाई, पण शाळेचं सभागृह मिळालंय. मंगळवारपास्नं तालीम. पंखं बंद ठेवतोय, लई आवाज करत्यात."

खाली त्यानं फोटो टाकला होता. घामानं चिकटलेले शर्ट, सहा पोरं, आणि फळ्यावर कुणाच्या तरी तासाची न पुसलेली गणितं.