खवले मांजर पाळायला का नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही असं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की खवले मांजराच्या (पँगोलिनच्या) खवल्यांसाठी होणाऱ्या शिकारीवर मी नुसती हळहळ व्यक्त केली, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे तरी चोरी थांबलेली नाही, मग रीतसर पालनाची परवानगी द्या, माल वाढला की भाव पडेल, भाव पडला की रानात कोण कशाला जाईल, आणि आपल्या पोरांना गावातच काम मिळेल. कोंबड्या पाळतो म्हणून कोंबड्या संपल्या का, असंही विचारलंत.

पोरांच्या कामाचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, त्याच्याकडे येतोच.

पण आधी कोंबडीचं बोलू. कोंबडी जवळजवळ रोज अंडं देते, खवले मांजराला वर्षाला बहुतेक एकच पिल्लू होतं. खाणं काय तर मुंग्या आणि वाळवी, ती रोज पिंजऱ्यात कुठून आणून घालणार? जगात बऱ्याच ठिकाणी ठेवून बघितलंय, पुष्कळशी पोटाच्या नाहीतर फुफ्फुसाच्या आजाराने गेली. मी एकदाच नीट बघितलंय, मे महिन्यात रात्री आमच्या काजूच्या बागेत. पुढच्या नखांनी वारूळ असं फोडत होतं की ढेकळं पार मागे उडत होती, निमुळतं तोंड आत खुपसलेलं, मध्येच फुसफुस आवाज. टॉर्च लागला तसं पळालं नाही, जागच्या जागी गोळा होऊन पडलं. दादा, सगळी गोम इथेच आहे. वाघसुद्धा त्या गोळ्याला सहजी फोडू शकत नाही, पण माणसाला बंदूकही लागत नाही, कुत्रा आणि पोतं असलं की झालं.

मग पाळायला एवढा खर्च आणि धरून आणायला जवळपास फुकट, असं असताना परवाना मिळालेला माणूस काय करेल सांगा? रानातून आणेल आणि माझ्याकडेच जन्मलं म्हणून कागदावर लिहील. व्हिएतनाममध्ये साळिंदराच्या फार्मचं हेच झालं, अभ्यासात आढळलं की फार्मवाले जंगलातलीच साळिंदरं विकत घेत होते. आपल्या खाडीत कुर्ल्या पोसतात ना, तिथेही लहान कुर्ली बऱ्याचदा खाडीतूनच येते. आणि खवल्यावर काय शिक्का असतो? आपल्या नखासारखंच केराटिन ते. आज चेकनाक्यावर पोत्यात खवले सापडले की गुन्हा सिद्ध, उद्या तोच माणूस फार्मची पावती पुढे करेल आणि वनरक्षक काय करणार बिचारा.

भाव पडेल म्हणता, तर चीनमध्ये वाघ बघा. तिथे पिंजऱ्यांत हजारो वाघ आहेत आणि रानात मोजके. १९९३मध्ये तिथे वाघाच्या हाडांचा व्यापार बंद झाला तरी फार्म चालूच राहिले, शेवटी २००७मध्ये साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बैठकीत ठराव झाला की अवयवांच्या व्यापारासाठी वाघ पैदा करू नयेत. एवढे वाघ पिंजऱ्यात असूनही आपल्या जंगलातल्या वाघांची हाडं चोरट्या मार्गाने बाहेर जातच राहिली, कारण औषध म्हणून घेणाऱ्याला रानातलंच अस्सल वाटतं. आपण एकही फार्म न काढता २००६च्या १४११ वाघांवरून २०२२च्या अंदाजात ३६८२वर आलोय.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो, कारण ते लपवणं बरोबर नाही. अमेरिकेत लुईझियानात ॲलिगेटरचं, म्हणजे तिथल्या मगरीसारख्या प्राण्याचं, हे जमलं, १९८७मध्ये तो धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेरही आला. पण कसं जमलं ते बघा. अंडी दलदलीतल्या घरट्यांतून उचलतात, जमीनमालकाला त्याचे पैसे मिळतात, वाढवलेल्या पिल्लांतली काही परत पाण्यात सोडतात. दलदल बुजवली तर मालकाचंच उत्पन्न बुडतं, म्हणून दलदल राहिली. याउलट थायलंडमध्ये सयामी मगरी फार्मवर ढिगाने आहेत आणि नदीत जवळपास नाहीतच, कारण फार्म एकदा भरला की नदीची गरज कुणाला उरली?

म्हणजे पैसा रानाच्या मालकाकडे गेला तर रान टिकतं, पिंजऱ्याच्या मालकाकडे गेला तर नाही. आणि आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक रान खाजगी आहे हे तुम्हाला मी काय सांगायचं. पोराची फी आली, घराचं छप्पर आलं की माणूस उभं रान ठेकेदाराला देतो, त्याला दोष कसा देऊ? त्याला तोड न करण्याचे पैसे मिळायला हवेत, माझी मागणी ती आहे. किनाऱ्यावरच्या वेळास गावात हे होतंय, कासवाची अंडी पूर्वी उकरून नेत, आता २००६पासून कासव महोत्सव होतो, बघायला येणारे लोक गावकऱ्यांच्या घरात राहतात, जेवतात आणि पैसे गावात राहतात. खवले मांजर रात्रीचं जनावर, ते तसं दाखवता येणार नाही हे मान्य, पण चिपळूणजवळ डुगव्यात २०२०मध्ये लोकांनी खवलोत्सव केला, म्हणजे गावाला हे जनावर आपलं वाटू शकतं.

तुमच्या वाडीवरचं रान यंदा तोडीला जाणार असं तुम्हीच लिहिलंय. सौदा झालाय की नुसती बोलणी चालू आहेत? बोलणीच असतील तर मला कळवा, मी येतो, आधी बिळं आणि वारुळं बघू आणि मग मालकाशी एकत्र बोलू.