68 गुण म्हणजे 68 टक्के नव्हे

‘एसयूएस प्रश्नावलीत ॲपला 68 गुण, म्हणजे 68 टक्के शेतकरी समाधानी’ हे लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) म्हणजे ॲप वापरायला किती सोपं वाटलं हे मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली; तिचे गुण 0 ते 100 असले तरी हे टक्के नाहीतच. 68 ही या मोजपट्टीवरची साधारण सरासरी मानतात.

प्रत्येक विधानाला 1 (पूर्ण असहमत) ते 5 (पूर्ण सहमत) असं उत्तर द्यायचं असतं. गुण असे काढतात: विषम क्रमांकाच्या विधानांच्या उत्तरातून 1 वजा, सम क्रमांकाच्या विधानांचं उत्तर 5 मधून वजा, बेरीज गुणिले 2.5. सम विधानं नकारार्थी असतात आणि खरा घोळ तिथेच होतो. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला ‘प्रणाली अनावश्यक क्लिष्ट वाटली’ असं पुस्तकी मराठीत विचारलं, की कित्येकदा ‘सहमत’वरच बोट पडतं. दहाही ठिकाणी 4 दाबले तर गुण बरोब्बर 50, ॲप कितीही चांगलं असो! ‘उगाच किचकट वाटलं’ असं लिहा, गरज पडली तर लेवा बोलीत वाचून दाखवा, आणि सगळीकडे एकच आकडा असलेले फॉर्म आधी बाजूला काढून तपासा.